पटावरची संख्या आणि पटावरची माणसे

नगरपरिषदेच्या कोणत्याही शाळेत मुख्याध्यापकांच्या खोलीत एक फळा असतो. त्यावर ऑइलपेंटच्या पांढऱ्या रेघा कायमच्या मारलेल्या असतात आणि त्या रेघांच्या चौकटीत दरवर्षी खडूने आकडे भरले जातात. डावीकडे इयत्ता, मग मुले, मुली, एकूण. पुढे अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, विमुक्त जाती व भटक्या जमाती, इतर मागासवर्ग, अल्पसंख्य, इतर. परतवाड्याच्या नगरपरिषद शाळांत माझी मास्तरकी गेली. इतक्या वर्षांत साहेब तपासणीला आले की त्यांची नजर थेट 'एकूण' या रकान्यावर जात असे आणि तिथूनच परत फिरत असे. उजवीकडचे सहा रकाने आम्ही इमानेइतबारे भरत होतो. ते वाचणारा मात्र कुणी भेटला नाही. हा लेख त्या सहा रकान्यांविषयी आहे.

पट म्हणजे शाळेत नाव दाखल असलेल्या मुलांची संख्या. हजेरी वेगळी, पट वेगळा. पटावर शिक्षकांची पदे ठरतात. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, अंमल १ एप्रिल २०१० पासून. त्याने पहिली ते पाचवीला तीस मुलांमागे एक आणि सहावी ते आठवीला पस्तीस मुलांमागे एक शिक्षक असे प्रमाण घातले. या हिशेबाला आपल्या राज्यात संचमान्यता म्हणतात. पट घसरला की मास्तर 'अतिरिक्त' ठरतो आणि त्याला दुसरीकडे पाठवतात. मास्तर गेला की दोन वर्ग एका खोलीत बसतात. दोन वर्ग एका खोलीत बसले की ज्या बापाला परवडते तो आपले पोर काढून नेतो आणि पट आणखी घसरतो. हे चक्र एकदा सुरू झाले की शाळा आपोआप मरते, तिला मारावे लागत नाही.

मग या आकड्याचा मोह का सुटत नाही, हेही समजण्यासारखे आहे. ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या तीन दिवसांत राज्यभर पटपडताळणी झाली. त्याआधी नांदेड जिल्ह्यात तपासणी झाली होती आणि तिथे खोटी नावे सापडली होती. एकच पोर दोन शाळांत उभे करू नये म्हणून मुलांच्या बोटाला मतदानाची शाई लावली गेली. कागदावर होती पण वर्गात नव्हती अशी मुले वीस लाखांच्या घरात निघाली. ती कुणाच्या संस्थांत निघाली, त्यांच्या नावाचे अनुदान, गणवेश, पुस्तके, शिष्यवृत्ती कुणाच्या घरी गेली, हा प्रश्न तेव्हा पुष्कळ गाजला आणि मग शांत झाला. मला एवढेच सांगायचे आहे, की त्या खोट्या नावांनाही जात होती. मागासवर्गीय मुलाच्या नावामागे चार पैसे जास्त येतात, म्हणून खोटे पोर तयार करायचे तर ते मागासवर्गीय तयार करण्यात फायदा असे. आपल्या नावाचा एवढा भाव शिक्षणाच्या बाजारात दुसऱ्या कुठल्याही प्रसंगी आला नसेल.

आता उजवीकडच्या रकान्यांकडे येऊ. एक हिशेब मांडतो. आकडे समजुतीसाठी घेतलेले आहेत, कुठल्याही एका शाळेचे नाहीत. समजा १९९० साली एका नगरपरिषद शाळेच्या पाचवी ते सातवीच्या वर्गांचा पट २४० होता. त्यात अनुसूचित जातीची ४०, जमातीची १०, भटके-विमुक्त आणि इतर मागास मिळून १२० आणि बाकीची ७० मुले होती. तीस वर्षांनी त्याच शाळेचा पट ६० वर आला. आता अनुसूचित जातीची २८, जमातीची ८, भटके-विमुक्त व इतर मागास १८ आणि बाकीची ६. गावात काय बोलले जाते? 'ती शाळा आता त्यांचीच झाली. तिथे सगळी त्याच वस्तीतली पोरे भरलीत.' वस्तुस्थिती काय आहे? आपली मुले ४० वरून २८ वर आली, म्हणजे कमी झाली. पण शंभरातले प्रमाण पहा. आधी ते सतरा होते, आता सत्तेचाळीस झाले. आपली मुले वाढली नाहीत, दुसरी निघून गेली. ७० पैकी ६४ गेली, १२० पैकी १०२ गेली. जे निघून गेले त्यांच्या जाण्याचा दोष जे मागे राहिले त्यांच्या माथी मारला जातो, आणि तोच दोष दाखवून उरलेले लोक आपले पोर काढून नेतात. टक्केवारी ही अशी बोलते. म्हणून टक्केवारी वाचताना तिच्याशेजारचा मूळ आकडा झाकू देऊ नये.

दुसरी गोष्ट तुलनेची. एखाद्या शाळेत अनुसूचित जातीची मुले शंभरात सत्तेचाळीस आहेत, हे पुष्कळ की थोडे, हे कशावरून ठरवायचे? २०११ च्या शिरगणतीत अमरावती जिल्ह्यात अनुसूचित जातींचे प्रमाण सुमारे साडेसतरा टक्के आणि जमातींचे सुमारे चौदा टक्के होते. अचलपूर नगरपरिषदेत परतवाडाही येते. तिची वस्ती तेव्हा सुमारे एक लाख बारा हजार होती. गावातल्या सगळ्या शाळा जर गावासारख्याच दिसत असत्या, तर प्रत्येक शाळेत हे प्रमाण जिल्ह्याच्या प्रमाणाच्या आसपास फिरले असते. मोहल्ल्यामोहल्ल्याचा फरक धरला तरी थोडाच पडला असता. तसे होत नसेल तर गावात एक चाळणी बसलेली आहे असे समजावे. एकीकडे सत्तेचाळीस आणि दुसरीकडे सहा असे आकडे निघाले, तर त्या दोन शाळांच्या मधला रस्ता किती फूट रुंद आहे हे मोजून उपयोग नाही.

ही वाचनाची पद्धत मला बाबासाहेबांनी शिकवली. १२ मार्च १९२७ रोजी मुंबई कायदेमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर ते बोलले, ते भाषण प्रत्येक मास्तराने वाचले पाहिजे. प्राथमिक शाळेत किती मुले आहेत एवढ्यावर ते थांबले नाहीत. दर हजार लोकसंख्येमागे किती, हे त्यांनी वर्गवार मांडले. पुढारलेल्या हिंदूंची ११९, मुसलमानांची ९२, मधल्या जातींची ३८ आणि मागासलेल्या वर्गाची १८. लोकसंख्येत दुसरा असलेला वर्ग शाळेत शेवटचा होता. त्याच भाषणात आणखी एक आकडा आहे. शाळेत दाखल होणाऱ्या शंभर मुलांपैकी चौथीपर्यंत पोचतात फक्त अठरा. म्हणजे दाखल किती झाले हा एक प्रश्न आणि टिकले किती हा दुसरा प्रश्न. या दोन्ही प्रश्नांची उत्तरे 'एकूण' या रकान्यात मिळत नाहीत.

परतवाडा हे छावणीभोवती वाढलेले गाव आहे. अचलपूर जुने, वऱ्हाडच्या राजधानीचे. १९०५ पर्यंत एलिचपूर हा स्वतंत्र जिल्हाच होता, नंतर तो अमरावतीत गेला. परतवाडा नवे, व्यापाराचे, लाकडाचे, मेळघाटात चढणाऱ्या रस्त्याच्या तोंडाशी बसलेले. त्यामुळे इथल्या शाळेच्या पटावर जितकी विविधता आहे तितकी जिल्ह्यात दुसरीकडे क्वचितच असेल. बौद्ध वस्तीतली मुले आहेत. उर्दू माध्यमाच्या शाळा वेगळ्या आहेत आणि मराठी शाळेतही मुस्लिम मुले बसतात. चिखलदरा-धारणीकडून कामाला उतरलेल्या कोरकू कुटुंबांची मुले आहेत. त्यांच्या घरातली भाषा मराठीही नाही आणि हिंदीही नाही, ती मुंडा कुळातली आहे. वडार, बेलदार, घिसाडी, बंजारा आहेत. अचलपूरची फिनले मिल चालू होती तेव्हा मिल कामगारांची मुले होती. २०२० च्या टाळेबंदीत तिचे चक्र थांबले, आणि मजुराचे चक्र थांबले की पोराचा दाखला काढायची वेळ येते.

ही सगळी माणसे रकान्यांत बसवताना काय होते ते पहा. केंद्राच्या माहितीपत्रकाला यूडायस म्हणतात. २०१२-१३ पासून ते सर्व शाळांना एक झाले. त्यात सामाजिक गटाचे रकाने चारच आहेत: सर्वसाधारण, अनुसूचित जाती, जमाती, इतर मागासवर्ग. आपल्या राज्यातला विमुक्त-भटक्यांचा रकाना दिल्लीत पोचेपर्यंत इतर मागासवर्गात विरघळतो. वडाराचे पोर आणि चाळीस एकर ओलिताच्या मालकाचे पोर एका आकड्यात जातात. मग 'इतर मागासवर्गाची गळती फारशी नाही' असे अहवालात सुखाने लिहिता येते.

बौद्ध मुलाचे तर दोनदा मोजणे होते. सामाजिक गटात ते अनुसूचित जातीत आणि धर्माच्या रकान्यात बौद्ध म्हणून अल्पसंख्यात. यात चूक काही नाही. १९९० च्या अनुसूचित जाती आदेश दुरुस्तीच्या कायद्याने बौद्धांना अनुसूचित जातीचा दर्जा मिळाला, तेव्हापासून हे दोन्ही खरे आहे. पण बेरीज करताना हे लक्षात ठेवावे लागते. दोन रकाने एकत्र करून काही जण आपली संख्या फुगवून सांगतात, आणि काही मुख्याध्यापक धर्माच्या रकान्यात सरसकट हिंदू लिहून मोकळे होतात. १९५१ च्या शिरगणतीत आजच्या महाराष्ट्राच्या मुलखात बौद्ध जेमतेम अडीच हजार होते. १९६१ मध्ये ते २७ लाख ८९ हजार झाले. ती माणसे आभाळातून पडली नव्हती. मोजणाऱ्यासमोर उभे राहून आपण कोण ते त्यांनी स्वतः सांगितले होते. पोराचे नाव घालताना बापाने तेच सांगावे, आणि मास्तरने तेच लिहावे.

मोजण्याचा दिवसही पाहिला पाहिजे. पटाची तारीख ३० सप्टेंबर धरली जाते. वऱ्हाडात हा काळ पोळा होऊन गेलेला आणि कापूस अजून फुटायचा आहे असा असतो. त्या दिवशी वर्ग भरलेला दिसतो. दसरा-दिवाळीनंतर वेचणी लागते, मग संत्र्याचा तोडा, मग विटभट्ट्या. डिसेंबरच्या हजेरीपटावर ज्यांच्या नावासमोर गैरहजेरीच्या खुणा ओळीने दिसतात त्यांची जात मास्तरला तोंडपाठ असते, पण कुठल्या माहितीपत्रकात ती विचारली जात नाही. अलीकडे आणखी एक गाळणी आली आहे. २०२२-२३ पासून संचमान्यतेसाठी ज्यांचे आधार जुळले तीच मुले धरायला सुरुवात झाली. जन्माचा दाखला नाही, आधारवर नाव एक आणि शाळेत एक, ही अडचण वकिलाच्या मुलाला येत नाही. विटभट्टीवरच्या मुलाला येते. पोर वर्गात बसलेले आहे, खिचडी खाते आहे, बे एके बे म्हणते आहे, पण शिक्षकाच्या हिशेबात ते नाही.

आता निघून गेलेली मुले कुठे गेली? वऱ्हाडातल्या वाचकाला हे सांगायला नको. उन्हाळा लागला की खाजगी अनुदानित हायस्कुलांचे मास्तर चौथी-पाचवीच्या मुलांच्या दारोदार फिरू लागतात. कुणी दप्तर देतो, कुणी सायकलचा शब्द देतो, कुणी ऑटोचे भाडे भरतो. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, त्यांचीही नोकरी पटावर टांगलेली आहे. वरच्या थरातली मुले त्याआधीच इंग्रजी शाळेत गेलेली असतात. २०१२ च्या स्वयंअर्थसहाय्यित शाळांच्या कायद्याने तो दरवाजा आणखी रुंद झाला.

सरकारने पैसा द्यायचा आणि संस्थेने शाळा चालवायची ही पद्धत आपल्याकडे जुनी आहे. अमेरिकेत अशाच धर्तीच्या शाळांना चार्टर शाळा म्हणतात. मिनेसोटा राज्याने १९९१ मध्ये पहिला कायदा केला. पैसा सार्वजनिक, कारभार संस्थेच्या हाती, फी नाही, अर्ज जास्त आले तर सोडत. गरिबांच्या मुलांना चांगली शाळा निवडता येईल असे तेव्हा सांगितले गेले. काही शाळांनी तसे करूनही दाखवले. पण तिथे प्रत्येक शाळेचा पट वंशवार आणि फुकट जेवणाला पात्र मुलांच्या प्रमाणासह प्रसिद्ध होतो, आणि तो वाचणारी माणसे आहेत. २०१० मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या नागरी हक्क प्रकल्पाने हे पट एकत्र मांडले. चार्टर शाळांतल्या काळ्या मुलांपैकी सुमारे सत्तर टक्के मुले अशा शाळांत होती जिथे गोरे मूल शंभरात दहाही नव्हते. १९५४ च्या ब्राउन निकालाने वेगळ्या शाळा बेकायदा ठरवल्यानंतर छप्पन्न वर्षांनी ही स्थिती होती. २०१६ मध्ये एन.ए.ए.सी.पी. या काळ्यांच्या जुन्या संघटनेने नव्या चार्टर शाळांना स्थगिती मागितली, तेव्हा तिच्या हातात हे आकडे होते. आपण १९७२ मध्ये पँथर हे नाव तिकडून घेतले. पट वाचायची ही सवयही घ्यायला हरकत नव्हती. आपले रकाने तर त्यांच्यापेक्षा जास्त आहेत.

पंचवीस टक्क्यांच्या तरतुदीचे उदाहरण घ्या. शिक्षण हक्क कायद्यानुसार खाजगी विनाअनुदानित शाळेने पहिल्या वर्गातल्या चौथाई जागा वंचित व दुर्बल घटकांच्या मुलांना द्यायच्या आहेत. अनुसूचित जाती-जमातीच्या मुलाला त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. ९ फेब्रुवारी २०२४ रोजी राज्य सरकारने नियम बदलला. ज्या खाजगी शाळेच्या एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा आहे तिला या जागांतून सूट. परतवाड्यासारख्या गावात याचा अर्थ काय होतो? नगरपरिषदेची किंवा अनुदानित शाळा कुठल्या मोहल्ल्यापासून एक किलोमीटरच्या बाहेर आहे? म्हणजे ज्या शाळेतून आपापली मुले सर्वांनी काढून नेली, तीच शाळा दाखवून आमच्या मुलांना सांगायचे, की तुमच्यासाठी ही आहे, तिकडे जा. मुंबई उच्च न्यायालयाने त्या बदलाला मे २०२४ मध्ये स्थगिती दिली आणि १९ जुलै २०२४ रोजी तो रद्द केला. तो निर्णय नसता तर परतवाड्याच्या इंग्रजी शाळांच्या पटावरचा उजवीकडचा रकाना काही वर्षांत कोरा झाला असता.

दुसरीकडे डिसेंबर २०१७ मध्ये दहाच्या आत पट असलेल्या १३१४ शाळा बंद करायचे ठरले. २०२३ मध्ये वीसच्या आतल्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढण्याची योजना आली. १५ मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या निर्णयाने वीसच्या आत पट असलेल्या सहावी ते आठवीच्या वर्गांच्या शिक्षकपदांवर गदा आली. या सर्व ठिकाणी विचारलेला प्रश्न एकच होता, किती? कोण, हे कुणी विचारले नाही. विचारायला वेगळी पाहणी लागत नव्हती. ज्या पत्रकातून वीसचा आकडा उचलला, त्याच पत्रकात चार ओळी खाली उत्तर लिहिलेले होते.

इथे माझा स्वतःचा एक हिशेब मांडायचा राहिला आहे. माझी मुलगी पाचवीत गेली तेव्हा मी तिला माझ्या शाळेत घातले नाही. गावातल्या एका इंग्रजी शाळेत घातले. सकाळी सायकलवर तिला तिथे सोडून मी नगरपरिषदेच्या शाळेत येत असे आणि वस्तीतल्या आईबापांना सांगत असे, 'पोरांना इथंच ठेवा, आम्ही चांगलं शिकवतो.' एक दिवस एका बाईने मला विचारले, 'गुरुजी, तुमची पोरगी कोणत्या वर्गात हाये?' मी विषय बदलला. वरच्या हिशेबात ४० ची २८ झाली, त्या बारा मुलांत माझे एक आहे. नोकरीवाले आपले लोक, बँकेतले, एस.टी.तले, महाविद्यालयातले, सगळे त्या बारांत आहेत. त्यांनी मुले काढली यात मी गुन्हा मानत नाही, मीच काढले. पण शाळेत बेंच नाही, संडास बंद आहे, गणिताला मास्तर नाही, हे नगरपरिषदेत जाऊन टेबलावर हात आपटून सांगू शकणारे बाप हेच होते. ते गेल्यावर जे बाप राहिले त्यांची त्या दिवसाची मजुरी बुडते.

नगरपरिषद शाळा बंद पडली तर काय जाते, याचा विचार करताना लोकांना इमारत आठवते. मला दाखल-खारीज रजिस्टर आठवते. लाल कापडाच्या बांधणीचे, लांबलचक. त्यात अनुक्रमांक, नाव, बापाचे नाव, जात, जन्मतारीख, दाखल तारीख, खारीज तारीख, कारण. जात पडताळणी समितीपुढे जाणाऱ्या प्रत्येकाला त्या रजिस्टरची गरज पडते. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासांसाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांपूर्वीचा पुरावा मागतात. आजा शाळेत गेला असेल तर तो त्या पानावर सापडतो. ज्यांच्या आज्याला शाळेच्या उंबऱ्याच्या आत येऊ दिले नाही, त्यांना कोतवाल पंजी धुंडाळावी लागते. ज्या व्यवस्थेने शाळेतून बाहेर ठेवले, तीच पुढे शाळेचा दाखला मागते.

निवृत्तीच्या आदल्या वर्षी एक पोरगा माझ्याकडे आला होता. अभियांत्रिकीला नंबर लागला होता आणि पडताळणीसाठी पंधरा दिवस उरले होते. त्याचा आजा ज्या शाळेत शिकला ती दुसऱ्या शाळेत मिळवून टाकलेली होती. रजिस्टर या शाळेत नव्हते, मंडळाच्या कार्यालयातही नव्हते. आम्ही दोघे तीन दिवस फिरलो. शेवटी एका बंद खोलीत, तुटक्या बाकांच्या मागे, खिचडीच्या तांदळाच्या रिकाम्या पोत्यांखाली चार रजिस्टरे मिळाली. वाळवीने दोन खाल्ली होती. तिसऱ्यात १९४७ सालचे पान होते. आज्याचे नाव होते, बापाचे नाव होते, जातीच्या रकान्यात दौतीच्या शाईने लिहिलेले अक्षर अजून वाचता येत होते. खारीज होण्याचे कारण म्हणून तिथल्या मास्तरने लिहिले होते, 'ढोरे राखण्यास गेला.'